घराची भिंत आणि उन्हाची वाट

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. दोन्ही गोष्टींत माणसाचा कस लागतो, पैसा पाण्यासारखा जातो आणि चूक झालीच तर ती जन्मभर सोबत करते, असा तिचा अर्थ. लग्नाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु घराच्या बाबतीत या म्हणीची प्रचीती आमचे कुटुंब गेली तीसहून अधिक वर्षे घेत आहे.

आमचे गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरते न सरते तोच, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच आपापल्या घरांखाली गाडली गेली. आमचे जुने दगडमातीचे घर त्याच पहाटे कोसळले. घरातील दोन माणसे त्या ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आली नाहीत. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. मी ओळखते ते नवे घर : काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रे. वैशाखात हे घर असे तापते की दुपारी अकरापासून दिवस मावळेपर्यंत आजी घरात पाऊल टाकीत नाही. अंगणातल्या लिंबाखाली बसून असते.

एकदा मी तिला सहज विचारले, "आजी, जुनं घर थंड होतं ना?"

"थंड होतं की," ती म्हणाली, "पण लेकरा, ती भिंत अंगावर येताना मी बघितली हाय."

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. जे घर थंड होते ते जिवावर उठले आणि जे घर जीव सांभाळते ते राहण्याजोगे नाही. मग थंडही आणि निर्धोकही अशी भिंत असू शकते की नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भिंत नेमके काय काम करते, पायाने काय करावे आणि परदेशांत यासंबंधी कोणते प्रयोग झाले, याची जी माहिती मिळाली ती वाचकांपुढे ठेवीत आहे. मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नाही. तेव्हा जे मला समजले तेवढेच, आणि समजले तसेच सांगणार आहे.

बांध आणि तळे

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. चुलीवरच्या उलथण्याचा दांडा तापतो ते वहन. पातेल्यातले गरम पाणी वर येते व गार पाणी खाली जाते ते अभिसरण. आणि चुलीपुढे बसल्यावर मधल्या हवेची तमा न बाळगता जी धग तोंडाला लागते ते प्रारण. उन्हाळ्यात घरावर या तिन्ही वाटांनी चाल होते. ऊन पत्र्यावर व भिंतीवर पडते, तेथून ते भिंतीतून आत सरकते, आणि फटींतून, खिडक्यांतून तापलेली हवा आत शिरते.

या उष्णतेला तोंड देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत गोधडीची. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थरांत अडकून पडलेली हवा आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. बर्फवाला बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो, तेव्हा हेच तत्त्व उलट दिशेने काम करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत दुर्वाहक. थर्माकोल, भुसा, पेंढा, काचतंतू ही सारी उष्णतारोधक द्रव्ये म्हणजे हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवण्याच्या युक्त्या होत.

दुसरी रीत तव्याची. चूल विझल्यावरही जाड तवा बराच वेळ तापलेला राहतो, आणि चूल पेटल्यावर तापायलाही तो तितकाच वेळ घेतो. जाड भिंत ऊन अडवीत नाही. ती ते पोटात घेते, साठविते आणि पुष्कळ तासांनी, थोडे थोडे करून, परत देते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली भिंत हा बांध आहे आणि दुसरी भिंत हे तळे आहे. बांध पाणी अडवितो, तळे ते सामावून घेते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे घरबांधणीत किती गोंधळ होतो, हे पुढे दिसेलच.

दोहोंच्या ताकदीतील अंतर पाहण्यासारखे आहे. विटेच्या भिंतीतून उष्णता जितक्या सहजतेने जाते, त्याच्या सुमारे विसाव्या हिश्शानेच ती थर्माकोलमधून जाते. म्हणजे दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवील तेवढी अडविण्यासाठी विटेची भिंत तीन फुटांहून जाड बांधावी लागेल. भरीव काँक्रीट तर विटेच्या साधारण दुप्पट उष्णता जाऊ देते. पत्र्याची गोष्टच बोलू नये. तो ना बांध, ना तळे.

थंड देशांतील घरे

बांधाची रीत पूर्णत्वास नेली ती थंड देशांनी. 1973 साली अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि ज्या देशांत सहा महिने घरे तापवावी लागतात तेथील लोकांचे डोळे उघडले. तेल जाळून घर तापवावयाचे आणि ती ऊब भिंतींतून वाऱ्यावर सोडून द्यावयाची, हा व्यवहार त्यांना आतबट्ट्याचा वाटू लागला.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात रेजायना नावाचे शहर आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंतही उतरतो. अशा ठिकाणी 1977 साली काही संशोधकांनी एक घर बांधले. हॅरॉल्ड ऑर हे त्यांतील एक प्रमुख नाव. या घराला नेहमीची भट्टीच नव्हती. भिंती बारा इंच जाड, पण त्या जाडीत दगड वा वीट नव्हे, तर उष्णतारोधक द्रव्य ठासून भरलेले. छतात त्याहूनही अधिक. साऱ्या घराला आतून प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे सलग अस्तर, जेणेकरून कोठूनही वारा शिरू नये. श्वास कोंडू नये म्हणून एक साधे यंत्र बसविले होते. बाहेर जाणारी उबदार शिळी हवा आत येणाऱ्या गार ताज्या हवेला जाता जाता आपली ऊब देऊन जात असे. घरावर सौरऊर्जेचा मोठा संचही बसविला होता. गंमत अशी की तो महागडा संच पुढे काढून टाकण्यात आला आणि साध्या जाड भिंती मात्र टिकल्या. ऊब मिळविण्यापेक्षा ती न गमावणे स्वस्त पडते, हा धडा त्या घराने दिला.

तोच धडा जर्मनीतील डार्मश्टाट येथे 1990-91 साली चार जोडघरांत अधिक काटेकोरपणे गिरविण्यात आला. वोल्फगांग फाइस्ट हे पदार्थवैज्ञानिक त्यामागे होते आणि स्वीडनचे प्राध्यापक बो अॅडमसन हे या कल्पनेतील त्यांचे सहकारी. या घरांच्या भिंतींना बाहेरून साडेसत्तावीस सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलसारखा थर आहे आणि तळघराच्या छताला खालून पंचवीस सेंटिमीटरचा.

येथे पायाचा प्रश्न येतो. आपल्याला वाटते की ऊब वर जाते, तेव्हा छत सांभाळले की झाले. परंतु थंड देशांत जमीनही थंड असते आणि घराची ऊब पायावाटे मातीत झिरपत राहते. त्याहून मोठे संकट म्हणजे मातीतले पाणी गोठले की फुगते आणि पायालाच वर उचलते. म्हणून तेथे पाया हिमाच्या पातळीखाली खोल न्यावा लागतो, किंवा स्कँडिनेव्हियात करतात त्याप्रमाणे उथळ पायाभोवती जमिनीत आडवे उष्णतारोधक पाट पुरावे लागतात; म्हणजे घराखालची माती आपली ऊब राखून राहते. पायाला लावण्याचे हे द्रव्य पाणी न शोषणारे असावे लागते, कारण भिजलेली गोधडी ऊब देत नाही.

आणखी एक दक्षता ते घेतात. भिंत आणि जोते जेथे मिळतात, छज्जा जेथे भिंतीतून बाहेर पडतो, तेथे काँक्रीट आतून बाहेर सलग गेले तर त्या वाटेने ऊब निसटते. अशा जागांना 'उष्णतेचे पूल' म्हणतात. घराच्या उभ्या छेदाच्या नकाशावर उष्णतारोधक थराची रेघ पेन्सिल न उचलता घरभोवती काढता आली पाहिजे, असा त्यांचा साधा नियम आहे. बांधाला एक भगदाड पडले तर बाकीचा बांध कशाला उपयोगी?

आमचे माळवद

आता आपल्याकडे येऊ. मराठवाडा-सोलापूर भागातील जुने घर म्हणजे माळवद. दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या नावापुरत्या, उजेडासाठी छतात सवणे. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर कोंदट वाटेल. परंतु ते या प्रदेशाच्या हवेचा नीट अभ्यास करून बांधलेले घर होते.

आपली हवा कोरडी. उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो. अशा हवेत तळ्याची रीत उत्तम चालते. सकाळचे ऊन भिंतीत शिरते आणि आतल्या बाजूस पोहोचावयाला त्याला इतका वेळ लागतो की तोवर रात्र होऊन जाते. नऊ इंची विटेच्या भिंतीत हा विलंब सात-आठ तासांचा असतो. दीड फुटांच्या मातीच्या भिंतीत तो बारा तासांहून अधिक होतो आणि वाटेतच उन्हाचा जोर बहुतेक जिरून जातो. रात्री माणसे माळवदावर निजत आणि दिवसभराची उष्णता माळवद उघड्या आभाळाला परत देत असे.

आणि पाया? आपल्याकडे जमीन शत्रू नाही, मित्र आहे. सुमारे दहा मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते आणि ते त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ राहते. म्हणजे वैशाखातल्या दुपारच्या मानाने ती पुष्कळच गार. घराच्या सावलीत झाकलेल्या मातीला हा गारवा थोडाबहुत लाभतो. भर दुपारी उघड्या अंगाने शहाबादी फरशीवर ज्याने लोळण घेतली आहे त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून कॅनडातले पाहून आपल्या घराच्या जमिनीखाली थर्माकोल पसरणे म्हणजे मित्राच्या तोंडावर दार लावणे होय. आपल्या पायाला भीती आहे ती वेगळीच : काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. आपल्या पूर्वजांनी शेती काळीत केली आणि वस्ती पांढरीत वसविली, यात शहाणपण होते.

1993 ने काय शिकविले

मग हे शहाणे घर कोसळले का? भूकंपानंतर तज्ज्ञांनी जी कारणे दिली ती आपणां सर्वांस माहीत असणे आवश्यक आहे. भिंती जाड होत्या, पण त्या एक नव्हत्या. बाहेरच्या दगडांचा एक पदर, आतल्या दगडांचा दुसरा, आणि मध्ये माती व चिपा यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे घातलेले नव्हते. जोडणी नुसत्या मातीची. धक्का बसताच दोन पदर एकमेकांपासून सुटले. वर माळवदाचा बोजा. गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर माती टाकली जाई आणि जुनी काढली जात नसे. काही घरांत तर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याच्याभोवतीच्या भिंती ढासळल्या.

तात्पर्य, दोष गारव्याचा नव्हता. दोष जोडणीचा आणि बोज्याचा होता. परंतु भयभीत माणसाला हा भेद कोण समजावून सांगणार? लोकांनी दगड टाकला, माती टाकली आणि त्यांच्याबरोबर सावलीही टाकली. पातळ भिंत आणि पत्रा म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मनात पक्के झाले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना त्याबद्दल नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरीही आज तीस वर्षांनंतर त्या समीकरणाचा फेरविचार करावयास हवा, कारण उन्हाळे कडक होत आहेत आणि पंख्याने गरम हवाच फिरते.

तर मग कसे बांधावे?

पहिली गोष्ट, छत. लातूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सर्वांत जास्त सोसते ते छत आणि त्याखालोखाल पूर्वेची व पश्चिमेची भिंत. तेव्हा उष्णतारोधनाचा पहिला रुपया छतावर खर्च करावा. पत्र्याला वरून पांढरा चुना दिला तर बरेचसे ऊन आल्या पावली परत जाते. पत्र्याखाली हात-दीड हात अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे आणि मधल्या पोकळीतील तापलेली हवा बाहेर जाण्यास दोन्ही टोकांना वाट ठेवावी. मात्र विजेच्या तारा त्या पोकळीतून मोकळ्या नेऊ नयेत. स्लॅब असेल तर त्यावर उष्णतारोधक थर देऊन वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करतात. थर्माकोल वापरावयाचा झाल्यास तो उघडा ठेवू नये. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

दुसरी गोष्ट, भिंत. जाडी वाढविण्याऐवजी भिंतीत हवा कोंडण्याची युक्ती करावी. केरळमध्ये आयुष्य वेचलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (1917-2007) यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिला उंदराच्या पिंजऱ्याची बांधणी म्हणतात. भिंत नऊ इंचीच होते, पण मध्ये तीन इंचांची पोकळी राहते. विटा सुमारे पावपट कमी लागतात. भूकंपाच्या प्रदेशात त्याच पोकळ्यांत कोपऱ्यांवर व दारांशेजारी लोखंडी गज उभे करून काँक्रीट भरता येते. जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा फिरविला म्हणजे चारही भिंती पेटीसारख्या एकत्र बांधल्या जातात. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे जे ठोकळे आता सर्वत्र मिळतात, तेही विटेच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकीच उष्णता जाऊ देतात आणि वजनाला हलके असल्यामुळे भूकंपात त्यांचा भार कमी. दगडाचीच भिंत बांधावयाची असेल तर आरपार दगड आणि सिमेंटची जोडणी यांवाचून बांधू नये.

तिसरी गोष्ट, सावली. पश्चिमेला ओसरी, पडवी किंवा एखादे झाड. जे ऊन भिंतीवर पडलेच नाही ते अडविण्यासाठी काहीच खर्चावे लागत नाही.

चौथी गोष्ट, पाया. जमिनीचा गारवा घरात येऊ द्यावा, पण पाणी येऊ देऊ नये. जोते उंच घ्यावे आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर काढून द्यावे. अर्थात हे सारे आपल्या कोरड्या पठारापुरते. कोकणात दिवस-रात्रीचा फरक थोडा आणि हवा दमट. तेथे जाड भिंतीपेक्षा वाहता वारा आणि लांब वळचण हीच अधिक कामाची. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने डिसेंबर 2018 मध्ये 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली, तीतही वेगवेगळ्या हवामानांचा वेगळा विचार केलेला आहे आणि छतातून व भिंतींतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा घातल्या आहेत. ही संहिता शहरांतल्या इमारतींपर्यंतच न राहता खेड्यातल्या गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचली पाहिजे. ते काम करणारे दुभाषे कोण? माझ्या मते, आपल्यासारखे विद्यार्थी.

ज्याला हे सारे पुस्तकी वाटेल त्याने एक करून पाहावे. मे महिन्यात रात्री नऊ-दहा वाजता आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात आणि भिंत अजून दुपारचे ऊन घरात ओतीत असते. भिंत काय काम करते हे त्या एका स्पर्शाने जितके कळेल तितके या लेखाने कळणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी आणि मी मिळून पत्र्याला चुना दिला, खाली तट्ट्यांचे छत घातले आणि पश्चिमेला चार बल्ल्या रोवून छपराची ओसरी काढली. घर थंड झाले असे मी म्हणणार नाही. माळवदाची सर त्याला नाही. पण आजी आता दुपारी आत येऊन पडते. तिची बाज मात्र अजूनही भिंतीपासून हातभर दूर असते.